गुळगुळीत देव

भोंगवली, ता. भोर
१२ जानेवारी २०२५

रा. रा. व्याही रखमाजीराव यांस,
कुंडलिकचा रामराम वि. वि.

हितं आमी दोघंही खुशाल. आपला अमृत आणि तुमची कोमल पुण्यात मजेत आहेत, रविवारी फोन झाला. तुमच्या वाडीवर मोबाईलला रेंज न्हाई म्हणून लोक हळहळतात, पण मला ते बरंच वाटतं. त्या निमित्तानं लिहायची सवय राहिली.

तीन वर्षांमागं दिवाळीत तुमच्या ओढ्यातले लाल-पिवळे दगड गोणीभर आणले, तेव्हा अमृत म्हणाला होता की बाबा, भोंगवलीत दगड कमी पडले का. पण पुण्यात कुणाला तरी दाखवून त्यानंच पुढं सांगितलं की ह्याला जास्पर म्हणतात आणि लोक हौसेनं ह्याचे खडे करतात. आयुष्यभर कापूरहोळच्या गॅरेजात दुसऱ्याच्या गाड्यांची घाई सोसली. आता पडवीत मोटर बसवली आहे, आणि दगडाला कसलीच घाई नसते हे मला फार आवडलं आहे.

तुमी विचारलं होतं की करता तरी काय. तर आधी दगडाची चकती कापायची. ती विळ्याच्या मुठीत भरतात त्या लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवायची. मग चाकावर पाणी सोडत सोडत वरून फुगीर आणि खालून सपाट असा खडा घासायचा. पुढं बारीक, आणखी बारीक असे पॉलिश पेपर, आणि शेवटी कातडं. माझी जुनी वहाण फाडून तिचं कातडं मी फळीवर ठोकलं आहे. खरी चकाकी येते ती त्या कातड्यावरच. तळाची सपाट बाजू मात्र खरबरीतच ठेवायची, ती कोण बघतो?

आमच्या मंडळींनी ह्या नादापायी फार सोसलं. मोटरचा आवाज, अंगणात लाल चिखल, मोरी दोनदा तुंबली. तवा म्या शब्द दिला होता की पहिला बिनखोटीचा खडा तुझ्या गळ्यात. तीन वर्षांनी तो परवा झाला. तांबडा, मधून पिवळी लकेर गेलेली, आवळा मधोमध कापावा एवढा. भोरच्या सोनाराकडं चांदीत बसवायला द्यायचा आहे. तिनं आळीतल्या बायकांना सांगूनही टाकलं आहे.

तुमच्या दगडाचं काय होतं ते तुमालाही कळावं म्हणून एक खडा आनंदरावाच्या दुधाच्या टेम्पोतून धाडतो आहे. एका कडेला चीर आहे. घासताना पाणी संपलं, माझं लक्ष नव्हतं, दगड तापला. हसू नका. विहीणबाईंना नमस्कार.

लोभ आहे तसाच राहू द्यावा,
आपला, कुंडलिक


वरची वाडी, ता. वेल्हे
२३ जानेवारी २०२५

रा. रा. कुंडलिकराव इवाई यांना,
रखमाजीचा रामराम.

पत्र आन् खडा दोन्ही पोचलं. पत्र म्या अंगनात मोठ्यानं वाचलं, समद्यांनी आयकलं. चीर लई शोधली, चष्मा लावून शोधली, पर घावली न्हाई. तुमची नजर आजून गॅरेजातलीच हाय म्हनायची.

आता हितली बातमी. कोमलच्या आयनं खडा हातात घेतला आन् कपाळाला लावला. आपल्याच ओढ्यातनं आलाय आन् असा उजळलाय म्हंजी ह्यो साधा धोंडा न्हवं, म्हनली. तिनं त्यो देव्हाऱ्यात तांदळावर बसवला, तेल-शेंदूर लावला. दुसऱ्याच दिशी आमची कपिली गाय, जी चार दिस रानात हरवली व्हती, ती आपल्या पायानं गोठ्यात आली. मग काय इचारता? समदी वाडी दर्शनाला येऊन गेली. शेजारची बनाबाई तर रोज फूल घिऊन येती.

शेंदूर आता बोटभर झालाय. तुमचं नाव निघतं, म्हनत्यात इवायानं देव धाडला. आमाला लई समाधान हाय.

आमच्यावरची माया कमी करू नका,
रखमाजी


भोंगवली
३० जानेवारी २०२५

रा. रा. व्याही रखमाजीराव यांस,
सप्रेम रामराम.

गाय परत आली, आनंद झाला. पण तुमाला चीर सापडली न्हाई, ती सापडणारच न्हवती. कारण चीर असलेला खडा हितंच आहे. दोन्ही एकाच निळ्या फडक्याच्या तुकड्यांत गुंडाळले होते, आणि टेम्पो दारात हॉर्न वाजवत असताना म्या घाईत दुसरी पुडी उचलून दिली. सोनाराकडं जायच्या दिवशी आमच्या मंडळींनी पुडी सोडली, चीर बघितली, माझ्याकडं बघितलं आणि पुडी होती तशी बांधून ठेवली. तेव्हापासून ती चहा देते, जेवायला वाढते, पण त्या विषयावर एक अवाक्षर न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं.

दिलेली वस्तू व्याह्याकडं परत मागायची म्हणजे नाक कापल्यासारखंच आहे, त्यातून ती देव झालेली. तरी लाज गुंडाळून विचारतो. तसा खडा मला पुन्हा होईल असं वाटत न्हाई. ती लकेर दगडात एवढीच होती. तुमी आणि विहीणबाईंनी काय ते ठरवावं.

आणि एक. ते वहाणेच्या कातड्याचं विहीणबाईंना कळू देऊ नका.

रागावला असाल तरी लिहीत राहावं,
आपला, कुंडलिक


वरची वाडी
९ फेब्रुवारी २०२५

कुंडलिकराव इवाई यांना रामराम.

आमी रागावलो न्हाई. पर हिचं म्हननं पडलं की देव्हाऱ्यातला देव आपुन कोन देनार, देवालाच इचारू. म्हनून सोमवारी कौल लावला. शेंदूर ऊन पान्यानं धुतला, खडा पाटावर ठिवला, त्याच्याच अंगाला उजवीकडं एक वला तांदूळ चिकटवला, डावीकडं एक. उजवा पडला तर हितं ऱ्हायाचं, डावा पडला तर भोंगवलीला जायाचं. ही हात जोडून इचाराया बसतीय न बसतीय तवर दोन्ही दानं सटकन खाली. परत लावलं, परत तसंच. तिसऱ्या बारीला तर दानं ठरंचनात.

असं आमच्या वाडीत कवाच झालं न्हवतं. ही म्हनती, देव आपल्याशी बोलाया तयार न्हाई, आपल्याच हातनं काय तरी चुकलं. तवापासनं निसत्या घोटभर दुधावर ऱ्हायलीय, भाकरीला हात लावत न्हाई. कपिलीची धार काढाया बी उठली न्हाई.

म्या तिला म्हनलं, देवाचं हितलं मन उडालंय, जाऊ दे त्याला. तवा तुमी या आन् खडा घिऊन जा. तुमचं काम झालं असं समजा. आमचं आमी बघू.

माया असू द्या,
रखमाजी


भोंगवली
१४ फेब्रुवारी २०२५

रा. रा. व्याही रखमाजीराव यांस,
रामराम वि. वि.

हे पत्र हाती पडताच आधी विहीणबाईंना वाचून दाखवा आणि त्यांना जेवायला बसवा.

देव रुसलेला न्हाई. दाणे पडले ते माझ्या घासण्यामुळं. त्या खड्याला म्या असं पॉलिश केलं आहे की त्याच्यावर माशीसुद्धा बसून घसरेल, मग ओला तांदूळ कुठला टिकतो? त्यात तुमी शेंदूर धुतलात, म्हणजे माझी सगळी चकाकी मोकळी झाली. विहीणबाईंच्या हातून काही चुकलेलं न्हाई. देवाचं तिथलं मन उडालं असंही समजू नका.

खडा उलटा करा. तळ खरबरीत आहे, तिथं दाणे नीट टिकतील. मग कौल लावा. हितंच राहायचं असा निघाला तर तो तुमचा, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई.

खरं सांगतो, तुमचं पत्र आल्यावर घटकाभर माझ्याही मनात आलं की गप बसावं, खडा आपोआप येतोय. पण बाई तिकडं उपाशी आणि आपण हितं सोनाराकडं जायचं, हे मला जमायचं न्हाई. हे पत्र आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. तिनं उठून पाकीट आणून दिलं.

आपला, कुंडलिक


वरची वाडी
२२ फेब्रुवारी २०२५

कुंडलिकराव इवाई,
रामराम. पत्र पोचलं. ही जेवली. दोन भाकरी खाल्ल्या आन् कपिलीची धार काढली.

पर खडा उलटा कराया काय तयार न्हाई. देवाला पालथा घालायचा म्हंजी काय, म्हनली, तुमच्या इवायाला येवढं बी कळंना का. कातड्याचं तर तिला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. तुमचं पत्र म्या अंगनात वाचलं व्हतं हे तुमी इसरला. ती म्हनली, देवाम्होरचा ढोल तरी कशाचा असतो.

मग इचार करून मला म्हनली, देवाला कौल लावत बसले आन् ज्या बाईच्या नावानं खडा घासला तिला येका शब्दानं इचारलं न्हाई. ती तिकडं पत्राला पाकीट देतीया. म्हंजी तिचा कौल देऊन झाला, आता माझा म्या देते. शुक्रवारी ही येष्टीनं कापूरहोळला उतरंल. खडा दुसऱ्या कुनाच्या हातात देनार न्हाई, इहिनीच्याच देनार. तुमी गाडी घिऊन फाट्यावर ऱ्हावा.

समद्यांना इचारलंय म्हनून सांगा,
रखमाजी


भोंगवली
१६ मार्च २०२५

सौ. विहीणबाई धोंडाबाई यांस,
मंगलचा नमस्कार.

तुमी सुखरूप पोचलात, बरं वाटलं. हे पत्र व्याहीच वाचून दाखवणार, तर त्यांना माझी विनंती की हे अंगणात वाचू नये, आणि वाचलेलं लगेच विसरावं.

खडा चांदीत बसून आला. तुमी ओटी भरून, माझ्या पदरात घालून दिलात, तेव्हा सांगायचं राहून गेलं. आत्ता लिहिते. मला खड्याची एवढी हौस न्हवती हो. पण ह्यांनी शब्द दिला होता, आणि लग्न झाल्यापासून ह्यांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी केलेली ती पहिली वस्तू होती. ती दुसरीकडं गेलेली कळल्यावर माझं मन फार खट्टू झालं. पण तुमी जेवत न्हाई असं कळल्यावर ह्यांनी लिहिलेलं पत्र मला वाचून दाखवलं, आणि माझा सगळा राग गेला. खडा आला नसता तरी चाललं असतं, असं मला मनापासून वाटलं.

तुमी सांगून गेलात की देव आहे, धुतला तरी देवच, गळ्यात घातलास तरी मान राख. मी राखते. आंघोळीनंतर त्याला हळदकुंकवाचं बोट लावते आणि मगच चुलीपुढं जाते.

आता जे सांगायचं आहे ते असं. तुमच्या बोलण्याचा ह्यांनीही धसका घेतला आहे. रोज सकाळी देव्हाऱ्यातली पूजा झाली की हे स्वयंपाकघरात येतात, माझ्यापुढं उभे राहतात, डोळे मिटतात आणि हात जोडतात. पहिल्या दिवशी माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यापुढं कधी हात जोडले न्हवते. ते देवाला जोडतात का मला, हे मी अजून विचारलं न्हाई, आणि विचारणारही न्हाई.

कपिलीला माझी आठवण. यायचं मनात आणा.

तुमची,
मंगल