बर्फाखालचं धुमसतं मूळ

१४ जानेवारी, सकाळचे सव्वासात. पातेल्यात बर्फ वितळवत बसलो आहे.

ताईस धाकट्याचा नमस्कार,

मी खुशाल आहे. तुझा खोकला थांबला का?

तळावरून कामावर निघताना शेकोटी विझवायला मी असं पाणी करून ठेवतो आणि ही लाकूडतोडी मंडळी त्याचा चहा करून पितात! काल मुकादमाने शेकोटीवर नुसता बर्फ लोटला. मला चिडवत म्हणाला, "चला मास्तर, बर्फात कुठे आग लागते?" मी राखेत हात घातला तर चटका बसला. खाली झाडाचं मूळ तंबूच्या दिशेने धुमसत होतं, आणि तंबूत आमचा स्वयंपाकी तापाने झोपलेला! मी ते उकरून, पाणी ओतून, ढवळून गार केलं.

कौतुक राहिलं बाजूला. मुकादम म्हणतो, "एवढी काळजी आहे तर रोज तूच विझव, आणि मागून चालत ये." म्हणजे बाकीचे ट्रकने जाणार आणि मी तोडीच्या जागेपर्यंत तीन किलोमीटर पायी, एकट्याने. तरी हात लावून गार लागल्याशिवाय मी निघणार नाही.

आईला चालण्याचं सांगू नकोस. बूट चांगले आहेत, एवढंच सांग.

तुझा,
धाकटा