सृष्टीची चिठ्ठी

तीर्थरूप आबांना ऋतुजाचा सांगलीहून नमस्कार.

माझं जेवणखाण नीट आहे. तुमचा गुडघा कसा आहे?

हे पान आईला वाचून दाखवा. कॉलेजात आम्ही हृदय उघडून पाहिलं. उजवीकडचं काळपट रक्त फुफ्फुसात शुद्ध होतं, डावीकडे येतं आणि अंगभर फिरतं. मधल्या भिंतीला जन्मतः भोक असलं तर पुढेपुढे दोन्ही रक्तं मिसळतात, ओठ निळे पडतात. आपल्या धाकट्या सृष्टीचे पडायचे. आई हसायची, "जांभळं खाल्लीस व्हय गं?" ती वारली त्या दिवशी आईनं तिच्या डोक्यावर वैरणीचा भारा दिला होता, पण ती त्या भाऱ्यानं गेली नाही, या भोकानं गेली.

दुसरं पान तुमच्यापुरतं; फोनवर आई शेजारी असते, म्हणून पत्रात लिहिते. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सृष्टीसाठी इंग्रजीत चिठ्ठी दिली होती. तुम्ही पलटणीत होता. घरात वाचणारी मी एकटी, पाचवीतली. येत नाही म्हणायची लाज वाटली. "टॉनिक द्या म्हणतायत," असं आईला सांगितलं. परवा ती चिठ्ठी जुन्या वहीत सापडली. साताऱ्याला नेऊन हृदय तपासा, असं लिहिलंय. तेव्हा भोक बुजवता आलं असतं.

आई अजून स्वतःला दोष देते. दिवाळीत येईन तेव्हा मीच तिला सांगेन. तोवर तिला कळू देऊ नका. मी सांगताना तुम्ही तिच्याजवळ बसा.

तुमची
ऋतुजा