मंगळाकडे लावलेला फोकस

मी, बदरुन्निसा शरफुद्दीन धनसे, वय एकाहत्तर, राहणार शिळफाटा, खोपोली, तालुका खालापूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दाबाखाली न येता स्वखुशीने लिहून ठेवते. पोटातल्या गाठीने शरीर खाल्लं, डोक्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही. डॉक्टर दिवाळीपलीकडचं बोलत नाहीत, म्हणून आजच लिहिते.

१. घर आणि मंडप-डेकोरेशनचं दुकान शरियतप्रमाणे रिझवान व फराह या माझ्या मुलांना जाईल. त्यात मला बोलायला जागा नाही. बोलायची मुभा मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापुरती आहे, ती मात्र मी वापरणार.

२. लग्नात आभाळात झोत टाकणारा आमचा मोठा फोकस, त्याची केबल आणि बांबूचं सूप शेजारीण जयवंता ठोंबरे हिला द्यावं. सूप मुळात तिचंच, उसनं आणलं ते परत गेलंच नाही. रिझवानने फोकस भंगारात घालायची घाई करू नये. "अब्बांच्या वेडापायी लोक आपल्याला हसतात," असं तो बापाच्या मयतीला आलेल्या माणसांसमोर बोलला. ते मी माफ केलेलं नाही, इथेही करत नाही.

३. वेड कसलं, तेही लिहिते. मंगळ दर दोन वर्षांनी जवळ येतो. त्या दिवसांत संध्याकाळी रिझवानचे अब्बा गच्चीवरून फोकस त्याच्याकडे लावत आणि मी पुढे सूप धरून काढत असे. उजेड, अंधार, उजेड. "नुसता उजेड ताऱ्यालाही असतो," ते म्हणत, "मध्ये हात आला की समजतं, इथं माणूस आहे." मग मी चहा ठेवायची. उजेड तिथे जाऊन परत यायला चहा करून पिण्याइतकाच वेळ लागतो म्हणे. कप रिकामे व्हायचे, वर काही हलायचं नाही. जयवंता पडवीतून ओरडायची, "भाबी, वरती कोन हाय गं तुजं? मी इथं बाजूला हाय, ती दिसत नाय?" मला तरी कुठे पटत होतं! पण नवरा गच्चीवर एकटा उभा राहिलेला बघवत नसे.

शेवटी सूप तीनदा संथ हलवायचं. ती आमची "येतो" ही खूण. निघताना "जातो" म्हणू नये, हा घरचा रिवाज आम्ही मंगळालाही लावला होता.

४. मागच्या खेपेला, जानेवारी २०२५ मध्ये, ती खूण करून आम्ही खाली उतरलो. त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखलं. घर बंद करून मी मागून निघणार होते. रिक्षात बसताना म्हणाले, "येतो गं." मी दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. अजूनही फाटकाची कडी वाजली की माझी मान वळते. त्यांच्या मरणाचा मला राग नाही, त्या शब्दाचा आहे.

५. वरही आमचं शेवटचं बोलणं "येतो" हेच राहिलं. तिथे कोणी असेल असं मला आजही वाटत नाही. पण असलंच, तर ते बिचारं वाट बघत बसलं असेल, आणि वाट बघणं काय असतं ते मला विचारा. म्हणून फेब्रुवारी २०२७ मध्ये मंगळ जवळ येईल तेव्हा जयवंताने फोकस गच्चीवर न्यावा. रिझवानने जिन्याला कुलूप घालू नये, आईचं एवढं तरी ऐकावं.

सूप जयवंताने तांदूळ पाखडायला घरी न्यावं. चहा ठेवू नये. फोकस लावून तसाच जळू द्यावा, मध्ये कोणीही हात आणू नये. तिथल्यांना कळेल, आता इथं कोणी नाही.

वाचून, समजून सही केली.

बदरुन्निसा शरफुद्दीन धनसे

साक्षीदार : निलेश पोपट भोईर, लोधिवली
ओवेस इब्राहिम मुल्ला, शिळफाटा

खोपोली, ४ ऑगस्ट २०२६