मिर्यामच्या आठवड्यातला पेला

आप्पा, परवा शुक्रवारी वहिनी बेळगावला आल्या. निपाणीत अण्णा तापानं गेला, तंबाखूच्या वखारीनं दिलेली खोली सोडावी लागली, आणि वहिनींना माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. माझ्याकडे या, असं मीच त्यांना कळवलं होतं. कळवलं खरं, पण तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ धरताना फिरवायचा तुमचा चांदीचा पेला त्यांच्या हाती द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. तुम्ही असता तर तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नसती. आता नाही आहात, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही म्हटलं की मला शनिवारची दुपार आठवते. कॅम्पातलं आपलं घर, लष्करी दवाखान्याच्या औषधांचा तुमच्या सदऱ्याला कायमचा बसलेला वास, आणि मांडीवर आपला धर्मग्रंथ, तोरा. गावात आपली इस्रायल लोकांची मोजकीच घरं, सिनेगॉग नाही, म्हणून त्या आठवड्याची परशा, तोरातला नेमलेला भाग, तुम्ही घरीच वाचायचात आणि मग आम्हाला सोपी करून सांगायचात. रिबकानं उंटांना पाणी पाजलं, ते वाचून तुम्ही दारात टांग्याच्या घोड्यासाठी दगडी डोणी ठेवलीत. एसावनं भुकेपोटी आपलं थोरलेपण धाकट्या भावाला विकलं, म्हणून आपल्या घरात जेवणाआधी कुठलाही वाद मिटवायचा नाही, असा नियमच झाला. मी आजही भुकेल्या पोटी कुणाला शब्द देत नाही. तुमच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला जगात कसं वागायचं हे परक्याला विचारावं लागत नाही, असं मी फार दिवस समजत होते.

मग अण्णानं लग्न केलं. मुलगी आपल्यातलीच, पण लोक ज्यांना काळा इस्रायल म्हणतात त्या घरातली. रंगाचं म्हणाल तर वहिनी माझ्यापेक्षा उजळ आहेत. त्यांची कुणी पणजी आपल्यातली नव्हती, बास, एवढंच. लग्नानंतर अण्णा त्यांना घेऊन पहिल्यांदा घरी आला तो शुक्रवारच होता. दिवा लागलेला, भिजवलेल्या मनुकांचं सरबत पेल्यात. तुम्ही आशीर्वाद म्हणता, एक घोट घेता, पेला आईला देता. आई मला देते, मी अण्णाला. अण्णा तो वहिनींपुढे करतो आणि तुमचा हात मध्ये येतो.

“तिला येगळ्या ग्लासात दे गं,” तुम्ही मला म्हणालात. हिरव्या काठाचा काचेचा ग्लास मीच आणून दिला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी नेमकी मिर्यामची परशा. मोशेच्या बायकोवरून त्याची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली, तिच्या अंगावर कोड फुटलं, तिला छावणीबाहेर ठेवलं. तुम्ही नेहमीसारखी शिकवण काढलीत, “कुणाच्या माघारी बोलू नये.”

“आप्पा,” अण्णा म्हणाला, “मोशेची बायको कूश देशाची हुती. परक्या कुळाची. तिच्यावरनंच मिर्यामला शिक्षा झाली न्हवं? ते बी सांगा की.”

“लई शाना झालास? मला तोरा शिकवतोस?” तुम्ही तोरा मिटून ठेवलीत.

परशा तिथं संपत नव्हती, आप्पा. मिर्यामला आत घेईपर्यंत सगळी माणसं थांबून राहिली, पुढं कुणी गेलं नाही, हे वाचायचं राहिलंच. शब्बाथ उतरल्यावर अण्णानं सामान बांधलं आणि तो ग्लासही उचलला. “ह्यो तुमाला चालायचा न्हाय,” म्हणाला. तो परत आला नाही. तुम्हीही बोलावलं नाहीत. घोड्याला पाणी ठेवणारे तुम्ही! मला अजून तुमचा राग येतो. शेवटच्या आजारात तुम्ही पेला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, “ह्यो आपल्यातच ऱ्हाऊ दे.” मी हो म्हटलं होतं.

परवा दिवा लावला. लढाईपासून साखरेची मारामार आहे, पण मनुका मिळाल्या होत्या. मी आशीर्वाद म्हटला आणि घोट न घेताच पेला वहिनींपुढे धरला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि शेजारच्या गाठोड्यातून ग्लास काढला. हिरवा काठ तसाच.

“न्हाय वन्सं, मी माझा आणलाय,” त्या समजुतीनं म्हणाल्या. “तुमास्नी उगंच अवघड नको.”

मी त्यांच्या हातातला ग्लास घेतला, थोडं सरबत त्यात ओतलं, आणि पेला त्यांच्या ओंजळीत ठेवला. “तुम्ही पेल्यातनं घ्या. मी ह्यातनं घेते.” त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि घोट घेतला. काल वर्षाच्या फेऱ्यात पुन्हा मिर्यामची परशा आली, ती आम्ही दोघींनी शेवटपर्यंत वाचली.

आज रविवार. वहिनी मागच्या दारी तांदूळ निवडताहेत. त्यांना वाचता येतं, म्हणून त्या आत यायच्या आधी हा कागद चुलीत जाईल. तुम्हाला दिलेला शब्द मोडला असं मला वाटत नाही, त्याही आपल्यातल्याच आहेत. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. वहिनींचा ग्लास ओठाला लावला तेव्हा, आप्पा, सरबताची चव वेगळी लागेल असं मलाही वाटलं होतं.