रामा भ्याला

कारंजा लाड,
दि. ५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंजनास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण की, तुझ्या हातून एका हलन्त मकाराची हत्या झाली आहे आणि तिची फिर्याद तुझ्याखेरीज कोणाकडे न्यावी हे मला सुचत नाही. फोनच करणार होतो. पण तो दिवसभर व्यस्त असतो, आणि परवा लागला तेव्हा तुझ्या सायलीने आवाज ओळखण्याआधीच आई वाफ्यात आहे, मुलाखत चारनंतर, असं सांगून ठेवून दिला. सख्ख्या मामाला!

घडलं ते असं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. नेहमीप्रमाणे फळ्यावर रामशब्द चालवायला घेतला. रामेण म्हटलं, रामाभ्याम् म्हणायला तोंड उघडलं, तोच अठ्ठेचाळीस पोरांनी बाकं बडवत एका सुरात रामा भ्याला बाई, रामा भ्याला असा गजर केला. शेजारच्या वर्गाने साथ धरली. मुख्याध्यापक धावत आले, आणि खोटं कशाला सांगू, दारात उभ्या उभ्या त्यांचाही पाय ताल धरत होता. ही गाणारी कोण, ते शेवटी आमच्या शिपायाने, मोहनसिंगने, मोबाइलवर दाखवलं. डोक्याला रुमाल, हातात खुरपं, मागे वांग्याची झाडं, आणि मधोमध आमची अंजी! अकरा लाख लोकांनी पाहिलं म्हणे. त्यांत मी शेवटचा. भाऊबीजेला ताट घेऊन समोर उभी होतीस तेव्हा एक अक्षर बोलली नाहीस.

आता व्याकरण. रामाभ्याम् म्हणजे दोन रामांनी, दोन रामांना, दोन रामांपासून. तृतीया, चतुर्थी, पंचमी, तिन्हींत रूप एकच. तुझ्या गाण्यातही तेच रूप पुन्हा पुन्हा येतं, हे पाहून मी गार झालो. आवर्तन बिनचूक, शब्द साफ चूक. एका निरुपद्रवी प्रत्ययाला तू भेदरवून टाकलंस. सत्तावीस वर्षांत मला जे पोरांच्या डोक्यात घालता आलं नाही ते तू आठ दिवसांत घातलंस. पण परीक्षेत सगळे भ्याला असंच लिहिणार. त्यांचे गुण कापू की नको, हे उलट टपाली कळव. आणि हे तू ऐकलंस तरी कुठे?

तुझ्या वहिनीने फोनच्या घंटीला तेच गाणं लावलं आहे. आमच्या घरी दर तासाला रामा भितो.

लोभ आहेच. तो व्याकरणापायी कमी होऊ देऊ नये.

तुझा दादा,
गुलाबराव


रिठद,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुयं पत्र भेटलं. हत्या वाचून सायलीचे बाबा घाबरलेच, पोलिसाचा कागद आला वाटलं त्याईले. दादा, चौथी पास बाईले तू हलन्त मकार सांगून राह्यला. मी त्याले कधी पाह्यलंच नाही तं मारू कशी?

भाऊबीजेले पाचशेच लोकायनं पाह्यलं व्हतं. त्याच्यात सांगासारखं काय? मंग एकाएकी असं पेटलं का रंगूबाई, जे मायामांगं सूर धरते, तिच्यासंग लोकं फोटो काढून राह्यले. तिनं त्याच्यासाठी कवळी बसवून घेतली. रिसोडच्या बजारात गिऱ्हाईक वांगे मांगत नाही, आंधी गानं म्हना म्हनते.

कुठी आयकलं म्हनतं? इसरला काय? तू माजघरात कवाड लावून पाठ करे, मी भाईर वट्ट्यावर मिरच्या निवडत बसो. मले वाटे, राम नावाचा कोनी पोरगा हाय अन् तो घडीघडी भेते. मले त्याची लई कीव ये. मंग वावरात खुरपं घेऊन निंदाले गेलं का तेच गाऊ लागली. तुले पुरं गानं आयकू आलं नसन म्हनून लिवते:

वांग्याच्या वाफ्यात चोर निंगाला,
रामा भ्याला बाई, रामा भ्याला!
बायकोनं हाती इळा घेतला,
रामा भ्याला बाई, रामा भ्याला!

आता गावात समदे सायलीच्या बाबाले रामा म्हनून राह्यले. ते म्हनतात, मी कधी भ्यालो ते सांग. पन हे बी हळूच म्हनतात.

खरी गोष्ट पुढं हाय. तेवीस तारखेले, रविवारी, वाशीमले एक मंडळ माया सत्कार करून राह्यलं. मी त्याईले सांगतलं, मायासंग माया गुरूचा बी करा. गुरू म्हंजे तू. रिसोडच्या शाळेत सायकलवर न्यायले कोनी नव्हतं म्हनून मी चौथीतच राह्यली, पन दादाच्या कवाडाआडून शिकली, हे मी माइकवर सांगनार हाय. तू आला नाही तं मी गात नाही. सांगून ठेवते.

वहिनीले नमस्कार. माया करत जा, चुका मोजत नको बसू.

तुयी,
अंजी


कारंजा लाड,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंजनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा आनंद पाहून आम्हां दोघांची छाती फुगली आहे. वहिनीने तर साडी काढून ठेवली. मात्र माझं येणं अवघड दिसतं. एक तर पेपरांचा गठ्ठा तपासायचा आहे. दुसरं, मला शालीची ॲलर्जी आहे. तिसरं आणि मुख्य म्हणजे, पंचांग काढून पाहिलं, त्या रविवारी तृतीया आहे, आणि तृतीयेला रामाभ्याम् येतं हे तू जाणतेसच. शिवाय गुरू तो, ज्याने शिकवलं. मी तर कवाड लावून बसत होतो. कवाडाचाच सत्कार करावा, ते अधिक न्यायाचं होईल.

तू मात्र गा. रागावू नये, लोभात काटछाट करू नये.

तुझा दादा,
गुलाबराव


रिठद,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुयी कारनं मी रंगूबाईले वाचून दाखोली. ते म्हने, बाई, तुया भाऊच रामा दिसते.

पेपर इकडं घेऊन ये, सायली बेरजा करीन. शाल नको तं टॉवेल देऊ. पन दादा, एक खरं सांग. मायी लाज वाटते काय तुले? अकरा लाखाचे आता चवदा झाले, पन तू म्हनतं का गानं चूक हाय. मी अडानी, अशुद्ध गाते, म्हनून तू येत नाही काय? तसं असन तं मी शब्द बदलते. तू सांगशीन तसा म्हनते.

पयल्या रांगेत तुयी खुर्ची धरून ठेवली हाय. तिच्यावर दुसऱ्या कोनाले बसू देनार नाही.

तुयी,
अंजी


कारंजा लाड,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

अंजे,

शब्दाला हात लावू नकोस. भ्याला हेच बरोबर आहे. मी वर्गातही तसं सांगितलं, गुण कापणार नाही. तुझी लाज नाही गं. मधल्या सुट्टीत मोहनसिंगचा मोबाइल मागून घेऊन मी रोज तुला ऐकतो, आणि चौदा लाखांतल्या निदान तीस वेळा तरी माझ्या आहेत.

तू लिहिलंस, शाळेत न्यायला कोणी नव्हतं. होतं. मी रोज सायकलने रिसोडला जातच होतो आणि मागचं कॅरिअर रिकामं होतं. तू चौथी पास झालीस त्या जूनमध्ये बाबांनी मला विहिरीपाशी विचारलं, अंजीले मांगं बसवून नेशीन काय म्हणून. मी नाही म्हणालो. सायकलचा तोल जातो, असं सांगितलं. तोल जात नव्हता. दोन वेण्यांची बहीण मागे बसवून आला म्हणून पोरं हसतील, एवढंच कारण होतं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही, आणि तुला माझं नाव सांगितलं नाही, शेवटपर्यंत.

रामा कोण म्हणून लोक विचारतात ना? सायलीच्या बाबांची सुटका कर. रंगूबाईने बरोबर ओळखलं.

रविवारी वहिनीला घेऊन सकाळच्या एस. टी. ने निघतो. माइकवर गुरू म्हणू नकोस, तेवढं ऐक. बाकी मनसोक्त गा. लोभ असावा, असं लिहायची सवय आहे. या खेपेस ते विचारून लिहितो आहे.

शाल, पेपर, तृतीया, सगळं खोटं. हे वाचल्यावर माझी खुर्ची तू धरून ठेवशील की नाही, एवढीच मला काळजी आहे.

गुलाब