माइकमधलं हमिंग

फुनाबोरी, तोक्यो

सुनीतावहिनींना नमस्कार.

हे तिसरं पत्र. आधीची दोन मी कागदांच्या कचऱ्यात टाकली. इथे कचराही निवडून टाकावा लागतो.

आज स्टेशनसमोर निवडणुकीचं भाषण होतं. एक उमेदवार बाई पेटीवर उभ्या राहून बोलत होत्या. त्यांच्या माइकमध्ये बारीक हमिंग होतं, खराब केबलमुळे येते तशी घरघर. मला ऐकू आलं.

नेपाळमधल्या त्या सभेतही असंच होतं. उमेदवार बोलायला उभा राहिला आणि मी साउंडच्या मिक्सरवरून जयप्रकाशला म्हणालो, "जा रे, केबल बदल."

तो हसला. "धीऱ्या, तुझे कान कुत्र्याचे आहेत. माणसांना नाही ऐकू येत हे."

तरी स्टेजवर गेला. बॉम्ब उमेदवारासाठी होता, पण त्यात जयप्रकाश गेला.

दर दिवाळीला तुम्ही फोनवर विचारता, "भाऊजी, हे स्वतःहूनच स्टेजवर चढले ना? हट्टीच होते." मी हो म्हणतो. वहिनी, त्याला मी पाठवलं होतं.

आज केबल बदलायला हात शिवशिवले. पण मी खांबाला धरून उभा राहिलो. बाईंचं भाषण हमिंगसकट संपलं, टाळ्या पडल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले.

तुम्ही ज्याला भाऊजी म्हणता तो,
धीरज