नानांची बाजू

१६ डिसेंबर १९५४, पाचोरा

नाना शिंपी गेल्यानंतरची आज पहिली बैठक. दर गुरुवारी मारुतीच्या ओट्यावर चारचौघांसमोर नानांनी 'देव नाही' म्हणायचं आणि मी 'आहे' म्हणायचं, अशी आमची रीत. आज मी बोलत गेलो नि सगळे नुसते माना डोलवत राहिले. रतन तेली म्हणाला, "भाऊ, नाना नहीत, ते हाई भजनच व्हई गयं."

खरं होतं. नानांशिवाय वाद उरलाच नव्हता, भजनच झालं होतं. म्हणून मीच नानांची बाजू धरली. त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. पटकीच्या साथीत लेकरं गेली, तेव्हा देव कुठे होता?

मग रतनच म्हणाला, "आते उत्तर कोन देई?"

उत्तर देणारा मीच होतो, आणि आज प्रश्नही माझाच. सतरंजी गुंडाळली.

घरी देवापुढे बसून नानांना दर वेळी द्यायचो ते उत्तर मनात म्हणून पाहिलं. शब्द सगळे आठवले. पण नाना हसून ते खोडायला निघायचे, तेव्हाच ते मला खरं वाटायचं का? कळत नाही.

हिने आरतीला हाक मारली. उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या. वाईट वाटलं असं नाही. काहीच वाटलं नाही.